लिनक्सचा बिघडलेला बूट लोडर दुरुस्त करणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर कमांड, फायलींची नावे आणि पडद्यावरचे संदेश देवनागरीत दिले आहेत. संगणकावर ते अर्थातच रोमन लिपीत, आणि कमांड व फायलींची नावे लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पाळून टंकावी लागतात. विवेचन मुख्यतः ग्रब २ या बूट लोडरबद्दल (लिनक्स मेमरीत आणून सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामबद्दल) आहे, कारण लिनक्सच्या बहुतेक वितरणांमध्ये (उबुंटू, डेबियन, फेडोरा यांसारख्या संचांमध्ये) तोच असतो. उदाहरणांत पहिली डिस्क ‘एसडीए’ धरली आहे. एनव्हीएमई डिस्क असल्यास तेथे ‘एनव्हीएमई०एन१’ असे नाव दिसेल आणि पार्टिशनच्या क्रमांकाआधी ‘पी’ हे अक्षर येईल.

बूट लोडरचे कॉन्फिगरेशन बिघडले म्हणजे नेमके काय बिघडते?

संगणक चालू केल्यावर प्रथम फर्मवेअर (मदरबोर्डवरचा कायमचा प्रोग्राम, बायोस किंवा यूईएफआय) जागे होते, ते बूट लोडरला शोधते, बूट लोडर कर्नल (लिनक्सचा मुख्य भाग) आणि इनिटरामएफएस (सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर व साधने असलेली फाइल, जिला इनिटआरडी असेही म्हणतात) या दोन फायली मेमरीत आणून कर्नलकडे ताबा देतो, आणि त्यानंतर कर्नल मूळ (रूट) फाइलप्रणाली माउंट करून (म्हणजे वापरासाठी जोडून) उरलेली व्यवस्था उभी करतो. ग्रबचे काम या साखळीच्या मधल्या भागापुरते मर्यादित असते, पण त्या भागातही तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. पहिली म्हणजे ग्रबचा गाभा, जो डिस्कच्या सुरुवातीच्या सेक्टरांमध्ये किंवा ईएफआय पार्टिशनमध्ये (यूईएफआय फर्मवेअर वाचते त्या छोट्या पार्टिशनमध्ये) ठेवलेला असतो. दुसरी म्हणजे ‘/बूट/ग्रब’ या निर्देशिकेतील मॉड्यूल, म्हणजे ग्रबला लागणारे जोडभाग. तिसरी म्हणजे ‘ग्रब.सीएफजी’ ही मेनूची फाइल. यांपैकी काय बिघडले आहे यावर दुरुस्तीचा मार्ग पूर्णपणे अवलंबून असतो. मेनूची फाइल हरवली असताना गाभा पुन्हा बसवत राहणे, किंवा गाभा जुना असताना मेनू पुन्हा पुन्हा तयार करणे, यात बराच वेळ वाया जातो आणि कधी कधी चांगले चाललेले दुसरे काही बिघडते.

बिघाड ग्रबचाच आहे, हे कसे ओळखावे?

पडदा कोठे थांबला आहे ते पाहावे. निदान जवळजवळ तेथेच होते. फर्मवेअरने ‘बूट करण्याजोगे उपकरण सापडले नाही’ अशा अर्थाचा संदेश दिला, किंवा संगणक थेट विंडोजमध्ये गेला, तर ग्रबला संधीच मिळालेली नाही आणि दोष फर्मवेअरच्या नोंदीत किंवा डिस्कच्या सुरुवातीच्या भागात आहे. ‘ग्रब रेस्क्यू’ असा प्रॉम्प्ट आला, तर गाभा चालू झाला आहे, पण त्याला आपली मॉड्यूल सापडलेली नाहीत. नुसता ‘ग्रब’ असा प्रॉम्प्ट आणि त्यावर ‘मिनिमल बॅश-लाइक लाइन एडिटिंग इज सपोर्टेड’ हे वाक्य दिसले, तर मॉड्यूल मिळाली आहेत, पण मेनूची फाइल मिळालेली नाही. मेनू दिसतो पण नोंद निवडल्यावर त्रुटी येते, तेव्हा मेनूतील मजकूर चुकलेला असतो किंवा तो ज्या फायलींकडे बोट दाखवतो त्या जागेवर नसतात.

यापुढचे बिघाड बहुधा ग्रबचे नसतात. ‘इनिटरामएफएस’ असा प्रॉम्प्ट आणि अमुक यूयूआयडी (पार्टिशनचा अनन्य ओळखक्रमांक) अस्तित्वात नाही असा इशारा दिसला, तर कर्नल चालू झालेला आहे आणि त्याला मूळ पार्टिशन सापडत नाही; तेथे मेनूतील ‘रूट=’ हे मूल्य किंवा डिस्कचा ड्रायव्हर तपासावा. ‘व्हीएफएस : अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’ हा कर्नल पॅनिक पुष्कळदा इनिटरामएफएस फाइल तयारच न झाल्याने किंवा मेनूच्या नोंदीत तिचा उल्लेख नसल्याने येतो. आणि लॉगिनच्या आधी सिस्टमडीने (लिनक्समधील सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामने) आणीबाणीची अवस्था जाहीर केली असेल, तर प्रथम ‘/ईटीसी/एफस्टॅब’ ही कोणते पार्टिशन कोठे माउंट करायचे याची यादी पाहावी. ग्रब तेव्हा आपले काम संपवून बाजूला झालेला असतो.

माझ्या फायली गेल्या का? लिनक्स पुन्हा इन्स्टॉल करावे लागेल का?

बूट लोडर बिघडल्याने घरच्या निर्देशिकेतील फायलींना काहीही होत नाही. लाइव्ह यूएसबीवरून (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवता येणाऱ्या पेनड्राइव्हवरून) संगणक सुरू करून त्या पाहता येतात आणि दुसरीकडे उतरवूनही घेता येतात. पुनर्स्थापनेची गरज क्वचितच पडते. मात्र घाईने केलेल्या पुनर्स्थापनेत पार्टिशन पुसले जाण्याचा धोका मूळ बिघाडापेक्षा कितीतरी मोठा असतो.

संगणक बायोस पद्धतीने सुरू होतो की यूईएफआय पद्धतीने, हे का महत्त्वाचे आहे?

दोन्ही पद्धतींत ग्रबचा गाभा वेगळ्या जागी असतो. बायोस पद्धतीत डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर वाचला जातो; त्यातील पहिले ४४६ बाइट कोडसाठी, पुढचे ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे २ बाइट खुणेसाठी असतात. एवढ्या जागेत ग्रब मावणे शक्य नसल्याने त्याचा मोठा हिस्सा पहिल्या सेक्टरनंतर आणि पहिल्या पार्टिशनच्या आधी असलेल्या मोकळ्या पट्ट्यात ठेवला जातो. जुन्या डिस्कवर पहिले पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून सुरू होत असे, त्यामुळे हा पट्टा जेमतेम ३१ किलोबाइटचा असे. आता पार्टिशन २०४८व्या सेक्टरपासून सुरू होत असल्याने जवळपास १ मेगाबाइट जागा मिळते. डिस्कवर जीपीटी या नव्या प्रकारचा पार्टिशन-तक्ता असेल आणि संगणक बायोस पद्धतीने चालत असेल, तर मात्र या कामासाठी ‘बायोस बूट’ प्रकारचे १ मेगाबाइटचे छोटे, फॉरमॅट न केलेले पार्टिशन लागते. ते नसल्यास ग्रब-इन्स्टॉल तक्रार करतो आणि ती तक्रार डावलून पुढे जाऊ नये.

यूईएफआय पद्धतीत फॅट प्रकारच्या ईएफआय पार्टिशनमध्ये ‘ग्रबएक्स६४.ईएफआय’ सारखी फाइल असते आणि मदरबोर्डच्या स्मृतीत तिची नोंद असते. चालू असलेली प्रणाली कोणत्या पद्धतीची आहे, हे ‘/सिस/फर्मवेअर/ईएफआय’ ही निर्देशिका अस्तित्वात आहे की नाही यावरून कळते. लाइव्ह यूएसबी सुरू करतानाही हीच काळजी घ्यावी लागते. मूळ प्रणाली यूईएफआयची असताना यूएसबी बायोस पद्धतीने सुरू केली, तर दुरुस्ती चुकीच्या जातीच्या ग्रबची होते, आणि सर्व कमांड यशस्वी होऊनही संगणक पूर्वीसारखाच अडून राहतो.

‘ग्रब रेस्क्यू’ असा प्रॉम्प्ट आला आहे. आता काय करावे?

या अवस्थेत ‘एलएस’, ‘सेट’, ‘अनसेट’ आणि ‘इन्समॉड’ एवढ्याच कमांड उपलब्ध असतात. प्रथम ‘एलएस’ द्यावी. (एचडी०), (एचडी०,जीपीटी१), (एचडी०,जीपीटी२) अशी यादी येईल. ग्रब डिस्कची मोजणी शून्यापासून आणि पार्टिशनची मोजणी एकपासून करतो, आणि त्याचा ‘एचडी०’ हा लिनक्समधील ‘एसडीए’च असेल अशी कोणतीही खात्री नसते. नंतर प्रत्येक पार्टिशनचा मजकूर असा पाहावा :

एलएस (एचडी०,जीपीटी२)/

ज्या पार्टिशनमध्ये ‘बूट’ निर्देशिका, किंवा ‘/बूट’ स्वतंत्र पार्टिशनवर असल्यास थेट ‘ग्रब’ निर्देशिका दिसेल, ते आपले पार्टिशन समजावे. एखाद्या पार्टिशनबद्दल ‘अननोन फाइलसिस्टम’ असे उत्तर आले म्हणून ते नष्ट झाले असा अर्थ काढू नये. गाभ्यात फक्त स्वतःच्या फाइलप्रणालीचे मॉड्यूल भरलेले असते, त्यामुळे इतर प्रकारची पार्टिशने त्याला वाचता येत नाहीत. योग्य पार्टिशन सापडल्यावर पुढील ओळी द्याव्यात :

सेट रूट=(एचडी०,जीपीटी२)
सेट प्रीफिक्स=(एचडी०,जीपीटी२)/बूट/ग्रब
इन्समॉड नॉर्मल
नॉर्मल

‘/बूट’ स्वतंत्र असेल तर दुसऱ्या ओळीत ‘/बूट/ग्रब’ऐवजी नुसते ‘/ग्रब’ लिहावे. नेहमीचा मेनू आला तर प्रणाली सुरू करावी आणि लगेच ग्रब पुन्हा बसवावा, कारण वर दिलेली मूल्ये त्या एका वेळेपुरतीच टिकतात. हा बिघाड बहुतांश वेळा पार्टिशनचे क्रमांक बदलल्याने, एखादे पार्टिशन काढून टाकल्याने किंवा डिस्कची अदलाबदल केल्याने होतो.

सर्वच पार्टिशनांबद्दल ‘अननोन फाइलसिस्टम’ येत असेल, तर आणखी एका शक्यतेचा विचार करावा. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ई२एफएसप्रॉग्स १.४७ (ईएक्सटी प्रकारच्या फाइलप्रणाली तयार करणारी साधने) पासून नव्या ईएक्सटी४ फाइलप्रणालीत ‘मेटाडेटा_सीसम_सीड’ हे वैशिष्ट्य आपोआप चालू होते, आणि ग्रब २.०६ च्या मूळ आवृत्तीला ते ओळखता येत नाही. नव्या साधनाने तयार केलेल्या पार्टिशनवर जुना ग्रब बसवला की असा पेच उद्भवतो, २.१२ मध्ये तो राहिलेला नाही.

‘ग्रब’ असा साधा प्रॉम्प्ट आला आहे, पण मेनू नाही. प्रणाली हाताने सुरू करता येते का?

येते, आणि हे एकदा शिकून ठेवणे फायद्याचे आहे. येथे टॅब कळ दाबल्यावर फायलींची नावे पूर्ण होतात, त्यामुळे पाठांतराची गरज नसते. प्रथम मेनूची फाइल खरोखरच नाही ना हे पाहावे. ती असेल, पण ग्रबला तिचा पत्ता माहीत नसेल, तर ‘कॉन्फिगफाइल (एचडी०,जीपीटी२)/बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी’ एवढी एकच ओळ पुरते. नसेल तर :

सेट रूट=(एचडी०,जीपीटी२)
लिनक्स /बूट/व्हीएमलिनझ… रूट=/डेव्ह/एसडीए२ आरओ
इनिटआरडी /बूट/इनिटआरडी…
बूट

ठिपक्यांच्या जागी टॅबने येणारे नाव घ्यावे आणि कर्नल व इनिटआरडी यांची आवृत्ती एकच आहे याची खात्री करावी. पहिल्या ओळीतील ‘रूट’ ग्रबला कोठून वाचायचे ते सांगतो, तर दुसऱ्या ओळीतील ‘रूट=’ हे कर्नलसाठी असते; या दोहोंची गल्लत ही येथील सर्वाधिक वेळा होणारी चूक आहे. ‘यू नीड टू लोड द कर्नल फर्स्ट’ असा संदेश आला, तर इनिटआरडीच्या ओळीत दोष शोधू नये. त्याआधीची ‘लिनक्स’ची ओळ अयशस्वी झालेली असते आणि खरे कारण वरच्या संदेशात दडलेले असते.

डेबियन आणि त्यावर आधारित वितरणांत यूईएफआय पद्धतीने चालणाऱ्या संगणकावर हा प्रॉम्प्ट येण्याचे एक ठरावीक कारण आहे. ईएफआय पार्टिशनमध्ये वितरणाच्या नावाच्या निर्देशिकेत तीन ओळींची एक छोटी ‘ग्रब.सीएफजी’ असते आणि ती यूयूआयडीच्या आधारे मुख्य फाइलकडे पाठवते. मूळ पार्टिशन फॉरमॅट करून त्यावर बॅकअप परत उतरवला, की यूयूआयडी बदलतो आणि ही छोटी फाइल जुन्याच पत्त्यावर चौकशी करत राहते.

मेनू येतो, पण निवडलेली नोंद सुरू होत नाही. मेनूतच बदल करता येतो का?

नोंदीवर जाऊन ‘ई’ कळ दाबावी. नोंदीचा मजकूर उघडतो, त्यात हवा तो बदल करून कंट्रोल-एक्स किंवा एफ१० दाबावे. हा बदल तात्पुरता असतो, त्यामुळे प्रयोग करण्यास भिण्याचे कारण नाही. ग्राफिक्समुळे पडदा काळा राहत असेल तर ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ लिहून पाहावे. नेमका काय अडथळा येतो हे वाचायचे असेल तर ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ हे शब्द काढावेत. आणि किमान सेवांसह प्रणाली हवी असेल तर ‘सिस्टमडी.युनिट=रेस्क्यू.टार्गेट’ जोडावे. ग्रबमध्ये कीबोर्डची मांडणी सहसा अमेरिकी धरली जाते, त्यामुळे वेगळी मांडणी वापरणाऱ्यांना चिन्हे भलत्याच कळांवर सापडतील. मेनूच लपलेला असेल तर उबुंटूमध्ये बायोस पद्धतीत शिफ्ट कळ दाबून धरावी आणि यूईएफआय पद्धतीत एस्केप दाबावी. एस्केप मात्र एकदाच, कारण ती पुन्हा पुन्हा दाबल्यास मेनू ओलांडून ग्रबचा प्रॉम्प्ट येतो आणि नवाच बिघाड झाल्याचा भास होतो.

लाइव्ह यूएसबीवरून ग्रब पुन्हा बसवण्याची पूर्ण पद्धत काय आहे?

ही पद्धत बहुतेक सर्व बिघाडांवर लागू पडते, म्हणून ती समजून घेऊन करावी. मूळ प्रणाली लाइव्ह प्रणालीच्या आत माउंट करायची, तिलाच आपले घर मानून आत शिरायचे आणि तिच्याच साधनांनी ग्रब बसवायचा, एवढाच तिचा अर्थ आहे. आधी ‘एलएसबीएलके -एफ’ देऊन कोणते पार्टिशन मूळ प्रणालीचे, कोणते ‘/बूट’चे आणि कोणते ईएफआयचे हे पाहावे. आकार आणि फाइलप्रणालीचा प्रकार यांवरून ते सहज कळते. त्यानंतर सुडोसह (म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) पुढील ओळी क्रमाने द्याव्यात :

माउंट /डेव्ह/एसडीए२ /एमएनटी
माउंट /डेव्ह/एसडीए१ /एमएनटी/बूट/ईएफआय
माउंट --आरबाइंड /डेव्ह /एमएनटी/डेव्ह
माउंट --आरबाइंड /प्रोक /एमएनटी/प्रोक
माउंट --आरबाइंड /सिस /एमएनटी/सिस
माउंट --आरबाइंड /रन /एमएनटी/रन
सीएचरूट /एमएनटी

‘/बूट’चे स्वतंत्र पार्टिशन असल्यास ते पहिल्या आणि दुसऱ्या ओळींच्या मध्ये माउंट करावे. ही पायरी विसरली तर नवा मेनू मूळ पार्टिशनवरील रिकाम्या ‘/बूट’ निर्देशिकेत लिहिला जातो, कोठेही त्रुटी दिसत नाही आणि पुन्हा सुरू केल्यावर परिस्थिती जैसे थे असते. बायोस पद्धतीत दुसरी ओळ वगळावी. साध्या ‘बाइंड’ऐवजी ‘आरबाइंड’ वापरल्याने यूईएफआयची चल मूल्ये असलेली उपनिर्देशिकाही आत दिसते, आणि फर्मवेअरमध्ये नोंद करण्यासाठी तिची गरज असते.

आत गेल्यावर बायोस पद्धतीत ‘ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए’ आणि यूईएफआय पद्धतीत ‘ग्रब-इन्स्टॉल --टार्गेट=एक्स८६_६४-ईएफआय --ईएफआय-डिरेक्टरी=/बूट/ईएफआय’ द्यावे. बायोस पद्धतीत येथे संपूर्ण डिस्कचे नाव द्यायचे असते, पार्टिशनचे नाही. ‘एसडीए१’ असे लिहिल्यास ग्रब पार्टिशनच्या सुरुवातीला बसू पाहतो आणि फर्मवेअर तेथे पाहतच नाही. त्यानंतर डेबियन व उबुंटूमध्ये ‘अपडेट-ग्रब’ आणि आर्चमध्ये ‘ग्रब-एमकेकॉन्फिग -ओ /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी’ द्यावे. पहिली कमांड ही दुसरीचेच सोयीचे आवरण आहे. शेवटी ‘एक्झिट’ देऊन बाहेर यावे, ‘उमाउंट -आर /एमएनटी’ (‘आर’ मोठ्या अक्षरात) द्यावे आणि संगणक पुन्हा सुरू करावा.

डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे, किंवा एलव्हीएम वा बीटीआरएफएस वापरले आहे. पद्धत बदलते का?

फक्त पहिली पायरी बदलते. एन्क्रिप्ट केलेले पार्टिशन ‘क्रिप्टसेटअप ओपन’ने उघडावे आणि त्याला ‘/ईटीसी/क्रिप्टटॅब’मध्ये असलेलेच नाव द्यावे, दुसरे नाव दिल्यास आतून इनिटरामएफएस नव्याने तयार करताना डिस्क उघडण्याची व्यवस्था त्यातून गळून पडू शकते, आणि मग ग्रब दुरुस्त होऊनही प्रणाली पासवर्ड विचारत नाही. एलव्हीएमसाठी ‘व्हीजीचेंज -एवाय’ द्यावे. बीटीआरएफएसमध्ये मूळ प्रणाली उपखंडात असते, त्यामुळे माउंट करताना उबुंटूसाठी ‘-ओ सबव्हॉल=@’ आणि फेडोरासाठी ‘-ओ सबव्हॉल=रूट’ असा पर्याय जोडावा. ‘/बूट’ हेसुद्धा एन्क्रिप्ट केलेले असेल, तर लक्स२ची (लिनक्समधील डिस्क-एन्क्रिप्शन पद्धतीची) किल्ली पीबीकेडीएफ२ प्रकारची असणे आवश्यक आहे, कारण ग्रबच्या २.१२ पर्यंतच्या मूळ आवृत्त्यांना आर्गॉन२ प्रकारची किल्ली उघडता येत नाही.

फेडोरामध्ये याच कमांड चालतील का?

जशाच्या तशा नाही. तेथे कमांडच्या नावात ‘ग्रब२’ येते आणि मेनूची फाइल ‘/बूट/ग्रब२’ या निर्देशिकेत असते. यूईएफआय पद्धतीत तेथे ग्रब-इन्स्टॉल चालवू नये, कारण सिक्युअर बूटसाठी (फक्त विश्वासार्ह स्वाक्षरी असलेले प्रोग्राम सुरू होऊ देणाऱ्या फर्मवेअरच्या सोयीसाठी) स्वाक्षरी केलेली ग्रबची फाइल पॅकेजमधून थेट येते; ती पुन्हा बसवण्यासाठी ‘डीएनएफ रीइन्स्टॉल’ ही कमांड शिम (सिक्युअर बूटमध्ये ग्रबच्या आधी चालणारा छोटा प्रोग्राम), ग्रब२-ईएफआय आणि ग्रब२-कॉमन या पॅकेजांवर चालवावी. फेडोरा ३४ पासून ईएफआय पार्टिशनमधील ‘ग्रब.सीएफजी’ ही केवळ मुख्य फाइलकडे पाठवणारी छोटी फाइल आहे. जुन्या मार्गदर्शिकांमध्ये तिच्यावरच ग्रब२-एमकेकॉन्फिगचा निकाल लिहायला सांगितलेले असते, आणि आजच्या प्रणालीवर तसे करणे म्हणजे बिघाड ओढवून घेणे होय. मेनूच्या नोंदीही फेडोरा ३० पासून ‘/बूट/लोडर/एन्ट्रीज’ येथे प्रत्येक कर्नलसाठी वेगळ्या फायलीत असतात. कर्नलचे पर्याय बदलण्यासाठी तेथे ‘ग्रबी’ हे साधन वापरणे उत्तम.

‘ग्रब.सीएफजी’ हाताने दुरुस्त केली तर काय बिघडते?

लगेच काही बिघडत नाही. पुढच्या कर्नल अद्ययावतीत ती फाइल नव्याने लिहिली जाते आणि आपली दुरुस्ती पुसली जाते. म्हणून जेथून ती तयार होते तेथेच बदल करावा, म्हणजे ‘/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब’ आणि ‘/ईटीसी/ग्रब.डी’ निर्देशिकेतील स्क्रिप्ट. वेळमर्यादा, पूर्वनिवड आणि कर्नलचे पर्याय पहिल्या फायलीत असतात. स्वतःच्या नोंदी ‘४०_कस्टम’मध्ये लिहाव्यात.

‘/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब’ ही प्रत्यक्षात शेलकडून वाचली जाणारी फाइल आहे. बरोबरच्या चिन्हाभोवती जागा सोडली, अवतरणचिन्ह बंद करायचे राहिले किंवा एखाद्या संकेतस्थळावरून मजकूर चिकटवताना सरळ अवतरणाऐवजी वळणदार अवतरण आले, तर अपडेट-ग्रब मध्येच थांबते. मेनू तयार करताना ग्रब-एमकेकॉन्फिग आधी ‘ग्रब.सीएफजी.न्यू’ ही फाइल लिहिते, तिचे व्याकरण तपासते आणि दोष आढळल्यास जुन्या फायलीला हात न लावता नवी तशीच मागे ठेवते. त्यामुळे ‘/बूट/ग्रब’मध्ये ‘.न्यू’ने संपणारी फाइल दिसली, तर ती पुरावा समजून ‘ग्रब-स्क्रिप्ट-चेक’ने तपासावी, दोष असलेल्या ओळीचा क्रमांक मिळतो.

दुरुस्तीनंतर मेनूतून विंडोज नाहीसे झाले. ते परत कसे आणावे?

जून २०२१ मधील ग्रब २.०६ पासून इतर प्रणाली शोधणारे ‘ओएस-प्रोबर’ सुरक्षेच्या कारणास्तव मूलतः बंद असते. ‘/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब’मध्ये ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स’ ही ओळ मोठ्या अक्षरांत, मात्र शेवटचा शब्द लहान अक्षरांत लिहून मेनू पुन्हा तयार करावा. ओएस-प्रोबर हे पॅकेज बसवलेले असणे अर्थातच आवश्यक आहे. दोन प्रणालींपैकी एक बायोस पद्धतीने आणि दुसरी यूईएफआय पद्धतीने बसवलेली असेल, तर मात्र ग्रबच्या मेनूतून एकीकडून दुसरीकडे जाता येत नाही.

उलट प्रकार झाला आहे : संगणक थेट विंडोजमध्ये जातो.

यूईएफआय संगणकावर बहुधा ग्रब शाबूत असतो आणि फक्त क्रम बदललेला असतो. फर्मवेअरच्या पडद्यावर जाऊन लिनक्सची नोंद वर आणून पाहावी. लिनक्समधून ‘ईएफआयबूटएमजीआर’ ही कमांड सर्व नोंदी आणि त्यांचा क्रम दाखवते, आणि ‘-ओ’ पर्यायाने क्रम बदलता येतो. नोंदच उडाली असेल तर वर सांगितल्याप्रमाणे ग्रब-इन्स्टॉल चालवल्यास ती पुन्हा तयार होते. काही फर्मवेअर मात्र स्वतःच्या मर्जीने नोंदी विसरतात किंवा फक्त ‘ईएफआय/बूट/बूटएक्स६४.ईएफआय’ याच ठरावीक मार्गाला मान देतात. तशा वेळी ग्रब-इन्स्टॉलला ‘--रिमूव्हेबल’ हा पर्याय द्यावा, म्हणजे ग्रबची प्रत त्याच मार्गावर ठेवली जाते.

अद्ययावतीनंतर ‘सिम्बॉल नॉट फाउंड’ असा संदेश येऊन ग्रब रेस्क्यू उघडतो. कारण काय?

डिस्कच्या सुरुवातीला असलेला गाभा जुन्या आवृत्तीचा आणि ‘/बूट/ग्रब’मधील मॉड्यूल नव्या आवृत्तीची, असा मेळ बिघडलेला असतो. जुलै २०२० मध्ये बूटहोल या सुरक्षादोषावरील दुरुस्ती वितरणांनी पाठवली तेव्हा ‘ग्रब_कॅलॉक’ हे नाव घेऊन हाच संदेश पुष्कळांना दिसला होता. बायोस पद्धतीच्या डेबियन व उबुंटूमध्ये कोणत्या डिस्कवर ग्रब बसवायचा हे इन्स्टॉलेशनच्या वेळी नोंदवले जाते. पुढे डिस्क क्लोन करून नव्या डिस्कवरून काम सुरू केले, तरी ही नोंद जुन्याच डिस्ककडे बोट दाखवत राहते, आणि अद्ययावतीचा गाभा भलतीकडे जातो किंवा कोठेच जात नाही. येथे रेस्क्यू प्रॉम्प्टमधून ‘इन्समॉड नॉर्मल’ करण्याचा प्रयत्न निष्फळ ठरतो. लाइव्ह यूएसबीवरून ग्रब बसवावा आणि नंतर ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी’ चालवून योग्य डिस्क निवडावी. ही दुसरी पायरी टाळली तर पुढच्या अद्ययावतीला तोच प्रसंग पुन्हा येतो.

‘व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड’ हा संदेश कशाचा?

हा कॉन्फिगरेशनचा दोष नाही. सिक्युअर बूट चालू असताना, धोकादायक ठरवलेली शिमची जुनी आवृत्ती फर्मवेअरमधील धोरणामुळे नाकारली जाते. ऑगस्ट २०२४ मधील विंडोजच्या अद्ययावतीनंतर दोन प्रणाली असलेल्या अनेक संगणकांवर हे घडले. सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्स सुरू करावे, शिम आणि ग्रब अद्ययावत करावेत आणि मग सिक्युअर बूट पुन्हा चालू करावे. ते कायमचे बंद ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो सोपा आहे, पण आवश्यक नाही.

‘/बूट’ पार्टिशन भरले आहे. त्याचा या सगळ्याशी काय संबंध?

जागा संपल्यावर नव्या कर्नलची इनिटरामएफएस अर्धवट लिहिली जाते किंवा लिहिलीच जात नाही, पण मेनूत त्या कर्नलची नोंद येऊ शकते. ‘प्रगत पर्याय’ या उपमेनूतून आधीचा कर्नल निवडून प्रणाली सुरू करावी, नको असलेले जुने कर्नल पॅकेज व्यवस्थापकाद्वारेच काढावेत आणि नंतर इनिटरामएफएस व मेनू या क्रमाने नव्याने तयार करावेत. ‘/बूट’मधील फायली थेट पुसल्यास पॅकेज व्यवस्थापकाचा हिशेब चुकतो.

‘बूट-रिपेअर’सारखे आपोआप दुरुस्ती करणारे साधन वापरावे का?

एकच डिस्क, एकच लिनक्स आणि साधी मांडणी असेल तर जरूर वापरावे. अनेक डिस्क, एन्क्रिप्शन किंवा दोनपेक्षा जास्त प्रणाली असतील तर त्याने दिलेला अहवाल वाचावा, तो माहितीपूर्ण असतो, पण सुचवलेली दुरुस्ती समजल्याशिवाय स्वीकारू नये. विशेषतः ईएफआय फायलींची नावे बदलण्याचा किंवा प्रत्येक डिस्कवर ग्रब बसवण्याचा पर्याय.

पुढच्या वेळेसाठी कोणत्या गोष्टींची प्रत काढून ठेवावी?

‘/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब’, ‘/ईटीसी/ग्रब.डी’ आणि ईएफआय पार्टिशनचा मजकूर यांची प्रत, तसेच ‘एलएसबीएलके -एफ’ व ‘ईएफआयबूटएमजीआर -व्ही’ यांचे निकाल दुसऱ्या डिस्कवर किंवा कागदावर ठेवावेत. बायोस पद्धतीत डीडी कमांडने पहिल्या सेक्टरची प्रत काढता येते, परंतु ती परत लिहिताना पार्टिशनची मांडणी दरम्यान बदललेली असेल, तर ५१२ ऐवजी केवळ पहिले ४४६ बाइट लिहावेत. अन्यथा पार्टिशनचा जुना तक्ता नव्यावर बसतो आणि बूट लोडरच्या किरकोळ बिघाडाची जागा खरोखरच्या डेटाहानीने घेतली जाते. शिवाय या प्रतीत पहिल्या सेक्टरनंतरच्या पट्ट्यातील ग्रबचा मोठा हिस्सा नसतो, त्यामुळे ती परत लिहिण्यापेक्षा ग्रब-इन्स्टॉल पुन्हा चालवणे बहुतेक वेळा अधिक सुरक्षित ठरते.